नव्या भाषेचे पहिले दिवस

वेरूळची लेणी पाहायला आलेले परदेशी पाहुणे तुम्ही पाहिले असतील. दुकानदार काय म्हणतो हे त्यांना कळत नाही. ते हसतात आणि बोटाने वस्तू दाखवतात. आता उलट कल्पना करा. तुम्हीच स्पेन देशात गेला आहात आणि तेथे राहून स्पॅनिश भाषा शिकणार आहात.

सलामांका हे स्पेनमधील जुने शहर. तेथील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेथे स्पॅनिशचे वर्ग चालतात. पुष्कळ विद्यार्थी एखाद्या स्पॅनिश कुटुंबातच राहतात. सुरुवातीला एक छोटी परीक्षा होते. तिच्यात कोणी नापास होत नाही. कोणाला कोणत्या वर्गात बसवावे, एवढेच तिच्यावरून ठरते. खरी परीक्षा घरी होते. तेथे रात्रीचे जेवण नऊच्या सुमारास. भूक लागलेली असते, पण 'पाणी द्या' हे कसे म्हणावे? मनात वाक्य जुळवेपर्यंत घरची माणसे दुसऱ्याच विषयावर बोलू लागतात. आपल्या भाषेत भराभर बोलणारा हुशार मुलगा येथे लहान बाळासारखा दोन-दोन शब्द बोलतो. त्याला त्याची लाज वाटते आणि मग तो गप्पच बसतो. पहिल्या दिवसांतील सर्वांत मोठी अडचण हीच. व्याकरण त्यामानाने गरीब आहे.

तुमच्याजवळ मात्र एक शिदोरी आहे. ७११ साली मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरले. तेथील शेवटचे मुस्लिम राज्य ग्रानाडाचे. ते १४९२ साली संपले. एवढ्या काळात कितीतरी अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मिसळून गेले. जैतुनाच्या फळाला तेथे 'अथेइतुना' म्हणतात. नगराध्यक्षाला 'अल्काल्दे' म्हणतात. त्याचे मूळ 'अल-काझी'. ग्वादलकिविर ही नदी म्हणजे 'वादी अल-कबीर'. 'असे झाले तर बरे' या अर्थाच्या 'ओख़ला' या शब्दात तर 'अल्लाह' हाच शब्द लपला आहे. उर्दूतील 'ख़े'सारखा घशातला उच्चारही स्पॅनिशमध्ये आहे. साबणाला ते 'ख़ाबोन' म्हणतात. इंग्रज विद्यार्थी या उच्चाराला अडखळतात, तुम्हांला तो आयताच येतो.

ओळखीचा शब्द कधी फसवतोही. स्पेनमध्ये 'पान' मागितले तर पाव मिळेल आणि 'सोपा' म्हटले तर सूप! मराठीतही असे घडते. कोणी 'खाली बसा' म्हणाले तर रिकामी जागा शोधू नका. उर्दूत 'ख़ाली' म्हणजे रिकामे. मराठीत त्याचा अर्थ वेगळा. लिंगांचेही तसेच. उर्दूत 'मेज़' स्त्रीलिंगी, स्पॅनिशमध्ये 'मेसा' स्त्रीलिंगी. मराठीत मात्र ते टेबल! तिसरे लिंग मराठीनेच तुमच्यापुढे ठेवले आहे.

भाषेसाठी असे मुके दिवस आपल्या किनाऱ्यावरही कोणीतरी काढले असतील. १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज धर्मोपदेशक लिस्बनहून जहाजाने गोव्यास आला. प्रवासाला सहा महिन्यांहून अधिक काळ लागला. तेव्हा तो तिशीचा होता. पुढे त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात गेले. तेथे तो कोकणी आणि मराठी शिकला. १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. त्यात मराठीतील दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. गंमत म्हणजे ते मराठी पुराण छापले गेले रोमन लिपीत.

तुम्ही तर देवनागरी वाचता. उद्या गुलमंडीत गेलात की दुकानदाराला भाव मराठीत विचारा. तुमचा उच्चार ऐकून तो कदाचित उर्दूत उत्तर देईल. तरी दुसरा प्रश्नही मराठीतच विचारा.