सुईविना इन्सुलिन

रोज टोचून घेण्याऐवजी इन्सुलिनची गोळी का मिळत नाही, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी मला विचारतोच. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे.

बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिन मिळवले आणि १९२२ च्या जानेवारीत ते एका १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आले. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. पोटात गेल्यावर डाळीची वा अंड्याची जी गत होते, तीच याची होते. पाचकरस त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचलेला रेणू इतका मोठा, की आतड्याच्या अस्तरातून तो सहसा पार होत नाही.

येथे अब्जांश तंत्रज्ञान, म्हणजेच नॅनोतंत्र, उपयोगी पडेल अशी आशा आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केसच सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. इन्सुलिन काहीशे नॅनोमीटरच्या कणांत कोंडून गिळावयास द्यावे, ही मूळ कल्पना. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यासाठी पुष्कळ अभ्यासले गेले आहे. ते आतड्यातील श्लेष्म्याला चिकटते व पेशींमधील सांधे थोडा वेळ सैल करते. शिवाय आतड्यातून शोषलेले इन्सुलिन प्रथम यकृताकडे जाते. निरोगी स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिनही आधी तिकडेच जाते. सुईने हा लाभ होत नाही.

मग अडते कोठे? मात्रेपाशी. समजा, गिळलेल्या १०० भागांपैकी आज ५ रक्तात पोचले आणि उद्या १५. म्हणजे मात्रा तिप्पट झाली! साखर एकाएकी उतरली तर रोगी बेशुद्ध पडतो, प्रसंगी जिवावर बेतते. सेमाग्लुटाइड या निराळ्या औषधाची गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तिचाही शेकडा जेमतेम एक भाग शोषला जातो. परंतु ते औषध शरीरात आठवडाभर टिकत असल्याने रोजचा चढउतार सांभाळला जातो. जेवणाबरोबरच्या इन्सुलिनचे काम काही तासांचेच, म्हणून त्याला ही सवलत नाही. श्वासावाटे ओढावयाची इन्सुलिनची भुकटी तेथे २०१४ साली मान्य झाली खरी, पण ती जेवणापुरती. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन टोचावेच लागते.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर अशा शोधांच्या बातम्या वाचून डॉक्टरांना न विचारता त्यांना सुई सोडू देऊ नका. आणि तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळतील, त्यांना माझे सांगणे असे की, कण तयार करणे आता जमले आहे. ठरलेली मात्रा रोज तेवढीच पोचवणे, हे काम अजून शिल्लक आहे.