दमट हवेतली तेलकट त्वचा

मालवणात वर्षातला बराच काळ घाम वाळत नाही. वर खारं वारं. अशा हवेत तेलकट चेहऱ्याला जितकं कमी लावाल, तितकं बरं. अनुभवानं पटलेल्या गोष्टी सांगते.

१. साबण दोनदाच.
सकाळी आणि झोपताना सौम्य फेसवॉश. दुपारी घाम आला किंवा समुद्रात डुंबून आलात, तर गोडं पाणी मारून पंच्यानं टिपून घ्या. सारखं धुतलं की गालांवर पापुद्रे सुटतात, नाक मात्र थोड्या वेळात पुन्हा चमकायला लागतं.

२. खोबरेल केसांपुरतं.
आमच्याकडे माड दारात, म्हणून तेलाचा हात सढळ. पण खोबरेल रंध्रं बुजवतं. माझी भाची शाळेत जाताना चापूनचोपून तेल लावून दोन वेण्या घालायची. कपाळावर, केसांच्या कडेनं बारीक पुळ्यांची रांगच असायची. न्हाण्याआधी तासभर तेल लावून धुवायला लागली, उशीचा अभ्रा वरचेवर बदलू लागली, तशी ती रांग विरत गेली. कोकमाचं मुठेलही टाचांच्या भेगांनाच राहू द्या.

३. ओलावा हवा, थर नको.
तेलकट त्वचाही कोरडी पडते. ग्लिसरीनचं किंवा नायसिनामाइडचं पातळ जेल, वाटाण्याएवढं, ओलसर चेहऱ्यावर लावा. पुरतं.

४. सनस्क्रीन पावसाळ्यातही.
अतिनील किरणं ढगांतूनही येतात. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर वाळू आणि पाणी ती खालून परतवतात, त्यामुळे नुसत्या छत्रीनं भागत नाही. एसपीएफ ३० यूव्हीबी किरणं सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची: चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. जेल घ्या, चिकचिक होत नाही.

५. औषध बेतानं.
सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, म्हणून रंध्राच्या आत पोचतं. २ टक्क्यांचं, आठवड्यातून दोन-तीन रात्री बास. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलात, तर भाजल्यासारखे डाग उठतात. उटणं दिवाळीला अंगाला लावावं. पुळ्यांवर घासू नये.

६. कुणी सांगितलेली ट्यूब नको.
गोरेपणासाठी हातोहात फिरणाऱ्या कित्येक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुळ्या दुपटीनं येतात. ठणकणाऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

७. एका वेळी एकच बदल.
गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर धरा.

आणि वयात येणाऱ्या मुलींना ‘तोंड धुतलं नाहीस का?’ असं विचारू नका. तेल ग्रंथींतून येतं, अस्वच्छतेतून नव्हे. हे त्यांना घरातल्या मोठ्यांनीच सांगायला हवं.