बिलाच्या तळाची एक ओळ : वाद झाला तर कोर्ट कुठलं?

व्हिडिओमध्ये ज्या ओळीबद्दल बोललो, ती आज नीट समजून घेऊ.

आधी माझाच किस्सा. दुकान सुरू केलं तेव्हा राजकोटच्या एका व्यापाऱ्याला विक्रीच्या मालासाठी ४२ हजार ॲडव्हान्स दिला. निम्माच माल आला, नंतर फोन बंद. कर्जतच्या वकील साहेबांकडे गेलो. त्यांनी मी सही केलेला ऑर्डर फॉर्म हातात घेतला आणि सगळ्यात आधी खालची बारीक ओळ वाचली : 'सब्जेक्ट टू राजकोट ज्युरिस्डिक्शन ओन्ली'. म्हणाले, "केस होईल, पण तारखा राजकोटला." दुकान बंद ठेवून किती वेळा जाणार? पैसे सोडून दिले.

ही ओळ म्हणजे काय?

फ्रान्समध्ये नागरी संहितेच्या कलम १११ नुसार, तुम्ही राहता कुठेही, एका ठराविक व्यवहारापुरतं वेगळं कायदेशीर ठिकाण निवडता येतं. नोटीस त्या पत्त्यावर, दावाही तिथे. आपल्याकडे हेच काम दोन गोष्टी करतात : कोर्टाची अट आणि नोटिशीचा पत्ता.

मनाला येईल ते कोर्ट लिहिता येतं का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार, प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा व्यवहाराचा काही भाग जिथे घडला तिथे दावा लावता येतो. हकम सिंग विरुद्ध गॅमन (१९७१) या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं : ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला तो करार करून देता येत नाही. पण दोन कोर्टांना अधिकार असेल, तर त्यातलं एक निवडता येतं. स्वस्तिक गॅसेस (२०१३) निकालानुसार 'फक्त' शब्द नसला तरी हेतू स्पष्ट असेल तर चालतं. तरी 'फक्त' लिहाच. एका शब्दावरून वाद कशाला ओढवून घ्यायचा?

आता तुम्ही काय करायचं?

१. ओळ लिहा : 'ऑर्डर मिरजगाव येथे स्वीकारली. पेमेंट मिरजगाव येथे देय. वाद फक्त अहिल्यानगर जिल्ह्यातील सक्षम न्यायालयातच चालेल.' पहिली दोन वाक्यं खरी असली पाहिजेत. त्यांच्यावरच तिसरं उभं राहतं.

२. नुसतं 'कर्जत' लिहू नका. एक कर्जत रायगड जिल्ह्यातही आहे! शिवाय ३ लाख आणि त्यावरचे व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात जातात, म्हणून जिल्ह्याचं नाव बरं.

३. समोरच्याची सही घ्या. आपणच छापलेली ओळ वेगळी आणि दोघांनी मान्य केलेली अट वेगळी. ऑर्डर फॉर्मवर सही, नाहीतर निदान ईमेलवर होकार घ्या.

४. नोटिशीचा पत्ता दोघांचा लिहा. पत्ता बदलला तर लेखी कळवायचं, हेही लिहा.

५. खरेदी करताना आधी तळाची ओळ वाचा, मग ॲडव्हान्स द्या. माल येईपर्यंत मोठी रक्कम अडकवू नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

घरगुती वापरासाठी घेणारं गिऱ्हाईक ही ओळ दाखवून थांबत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ते स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करू शकतं.

आणि तुम्ही उत्पादन किंवा सेवा देत असाल, तर माल देण्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. पैसे अडकले तर खरेदीदार देशात कुठेही असो, तुमच्या भागातल्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. नुसत्या व्यापाराला मात्र हा फायदा मिळत नाही.

मोठी ऑर्डर असेल तर मसुदा वकिलाला दाखवा. ती फी माझ्या ४२ हजारांपेक्षा नक्की कमी असेल.

आजचा गृहपाठ : तुमचं बिलबुक काढा आणि शेवटची ओळ वाचा. काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!