गावात बिबट शिरल्यास : प्रतिसाद पथकाची तयारी



चिखली तालुक्यातील अमडापूर परिसरापासून ज्ञानगंगा अभयारण्य फार दूर नाही. १९९७ साली घोषित झालेले, सुमारे २०५ चौ. कि.मी. क्षेत्राचे हे अभयारण्य बिबट व अस्वलांसाठी ओळखले जाते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेतशिवारांतून शेकडो किलोमीटर चालत येथे पोचला होता. जंगलाची हद्द जनावराला ठाऊक नसते. म्हणून बिबट गोठ्यात वा घरात शिरल्यास काय करावे, याची तयारी गावाने आधीच करावी.

जमावाचा धोका

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक रानगवा शिरला. बघ्यांच्या गर्दीमुळे तो सैरावैरा धावला, जखमी झाला आणि पकडल्यानंतर मरण पावला. तो गवत खाणारा प्राणी होता. त्याच्या जागी बिबट असता तर माणसेही जखमी झाली असती. कोंडलेला बिबट वाट मिळाली तर बहुधा निघून जातो. वाट अडली तर अंगावर येतो. म्हणून पथकाचे पहिले काम जनावर पकडणे नव्हे, तर माणसे दूर ठेवणे हे होय.

पथकात कोण असावे?

पोलीस पाटील, सरपंच, वन समितीचे सदस्य आणि शांत स्वभावाचे आठ-दहा तरुण निवडावेत. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विनंती करून प्रशिक्षण घ्यावे व वर्षातून किमान दोनदा सराव करावा. प्रत्येकाचे काम आधीच ठरवावे :

१. एकाने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर व पोलिसांना कळवावे.
२. दोघांनी सुरक्षित अंतरावरून, शक्यतो गच्चीवरून, जनावराच्या जागेवर नजर ठेवावी.
३. चौघांनी दोर बांधून रस्ते अडवावेत व लोकांना मागे सारावे. लहान मुलांना घरात ठेवावे.
४. एकाने ध्वनिक्षेपकावरून ‘दारे लावा, बाहेर येऊ नका’ अशी सूचना द्यावी.
५. एकाने वाहन व प्रथमोपचार पेटी तयार ठेवावी.

बिबट खोलीत असल्यास आतील माणसे बाहेर आल्याची खात्री करावी. मगच दूरवरून वा आडोशाने दार लावता आले तर लावावे. शिवारात असल्यास जंगलाकडची बाजू मोकळी सोडावी आणि अंधार होईपर्यंत वाट पाहावी.

हे करू नये

दगड मारणे, फटाके फोडणे, काठ्या घेऊन घेराव घालणे, छायाचित्रासाठी जवळ जाणे टाळावे. भुलीचे इंजेक्शन केवळ प्रशिक्षित पशुवैद्यकाने, वनविभागाच्या परवानगीनेच द्यावयाचे असते. इंजेक्शन लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, काही मिनिटे जातात. त्या वेळात गर्दी जवळ असेल तर अपघात होतो. बिबट व अस्वल यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे.

‘पकडून लांब सोडा’ ही मागणी नेहमी होते. जुन्नर भागात तसे करून पाहिले गेले. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र असे दिसले की, बिबटे जेथे सोडले त्या भागात माणसांवरील हल्ले वाढले.

अस्वलाची गोष्ट वेगळी

अस्वल अचानक समोर आले की घाबरून हल्ला करते. पहाटे व सायंकाळी शेतात जाताना बोलत, काठी वाजवत जावे. ते नाल्यात वा झुडपात दिसल्यास पाठलाग न करता मागे फिरावे.

जखम झाल्यास

जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना लावू नये. ताबडतोब दवाखान्यात न्यावे व रेबीजची लस घ्यावी. जनावर दगावल्यास ते न हलविता वनविभागास ४८ तासांच्या आत कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे नुकसानभरपाईस अडचण येत नाही.

आधीची काळजी

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथील अभ्यासात शेतीभागातील बिबट्यांच्या खाद्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. म्हणून मेलेली जनावरे व कोंबड्यांचा टाकाऊ भाग उघड्यावर टाकू नये. गोठ्याला पक्के दार व वरून जाळी बसवावी. जागलीला जाताना विजेरी घ्यावी, उघड्यावर झोपू नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि पथकाची नावे फलकावर लिहा. बिबट आल्यावर बैठक घेण्यास वेळ नसतो.