तेलसंपन्न देश आणि ऊर्जेचा अपव्यय

म्हैसूर येथील दसऱ्याची मिरवणूक बन्नीमंटपास पोचते आणि रात्री तेथील मैदानावर मशालींचे संचलन होते. बन्नी म्हणजे शमी. शमीच्या पोटी अग्नी वसतो, अशी जुनी समजूत आहे. त्या मशाली घटकाभर जळून विझतात. अनेक तेलक्षेत्रांवर मात्र अशीच एक ज्योत रात्रंदिवस जळत असते.

खनिज तेल वर येताना दाब कमी होतो व त्यात विरघळलेला वायू सुटा होतो. तो वाहून नेण्यास नळ नसले, तर जाळून टाकावा लागतो. 'मुंबई हाय' हा याचा घरचाच दाखला होय. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर १९७४ साली तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रारंभी वायू समुद्रावरच जाळला जाई. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आले आणि त्याच वायूपासून खत व वीज निघू लागली. उरणच्या वीजकेंद्रात टर्बाइनमधून निघणारे तप्त वायू पूर्वी तसेच आकाशात जात. नंतर त्या उष्णतेने वाफ करून दुसरी टर्बाइने फिरविण्यात आली. जादा इंधन न जाळता वीज वाढली!

आखाती देशांत कारणे आणखी आहेत. उन्हाळा कडक असल्याने इमारती थंड ठेवण्यास पुष्कळ वीज लागते. पिण्याचे पाणीही समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवावे लागते. ॲल्युमिनियमसारखे ऊर्जाभक्षक उद्योग तेथे स्वस्त इंधनामुळेच गेले. तेव्हा या साऱ्यास उधळेपणा म्हणणे न्याय्य नाही.

आकडे वाचतानाही सावध असावे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात किती ऊर्जा खर्च झाली, यावरून कार्यक्षमता ठरवितात. तेलाचा भाव चढला की या देशांचे उत्पन्न वाढते आणि एकही यंत्र न सुधारता कार्यक्षमता सुधारल्याचा भास होतो.

सर्वांत अवघड प्रश्न किमतीचा. स्वस्त इंधन असले की भिंतीस उष्णतारोधक थर देण्याचा खर्च कोण करील? परंतु स्वस्त इंधन हा देशाच्या संपत्तीतील आपला वाटा, असे लोक मानतात. इराणने २०१० च्या अखेरीस किमती वाढविल्या, तेव्हा कुटुंबांना रोख रक्कम देऊ केली. महागाईने त्या रकमेचे मोल घटत गेले. २०१९ च्या नोव्हेंबरात पेट्रोल पुन्हा महागले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले.