भांड्यांवरची नावे



रोजच्या वापरातल्या वस्तू एखाद्या जागेत विचारपूर्वक मांडून त्यांतून नवा अर्थ उभा केला, तर त्या कलाकृतीला मांडणशिल्प म्हणतात. या पाठात आपण त्याचे एक उदाहरण पाहू आणि मग आपल्याच स्वयंपाकघरात डोकावू.

सुबोध गुप्ता यांचा जन्म १९६४ साली बिहारमधील खगौल येथे झाला. २००६ साली त्यांनी स्टीलच्या भांड्यांची एक प्रचंड कवटी उभारली. तिचे नाव 'व्हेरी हंग्री गॉड', म्हणजे अतिशय भुकेला देव. घरोघरी असतात तशीच ही भांडी, लखलखीत, पण रिकामी. एकेकटे भांडे काही बोलत नाही. एकत्र मांडल्यावर समृद्धी आणि भूक दोन्ही एकदम दिसू लागतात.

स्टील आपल्याकडे तसे उशिराच आले. त्याआधी तांब्या-पितळेची भांडी होती व त्यांना कल्हई लावावी लागे. पुढे अनेक घरांनी जुने पितळ मोडीत देऊन स्टील घेतले. भांडी बदलली तशी नावेही बदलली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. शाळा-बाजाराची भाषा हिंदी. म्हणून आजी 'गंज' म्हणते, आपण 'भगोना' म्हणतो. तिचा 'सराटा' आपला 'पलटा' होतो आणि 'पोळपाट' होतो 'चकला'. दोन्ही शब्द येणे ही श्रीमंतीच आहे. मात्र पहिला विसरला तर ती उरत नाही.

आता स्वाध्याय :

१) घरातले सर्वांत जुने भांडे शोधा. काठावर कोरलेले नाव, गाव, तारीख वाचून जशीच्या तशी उतरवून घ्या.

२) ते कोणत्या धातूचे आहे, घरात कोणी व कोणत्या प्रसंगी आणले, हे वडीलधाऱ्यांना विचारा.

३) त्याचे मराठी आणि हिंदी नाव चिठ्ठीवर लिहा.

४) वर्गात सर्व भांडी क्रमाने मांडा : आधी तांबे-पितळ, मग स्टील, शेवटी प्लॅस्टिक. कोरलेली नावे कुठे थांबतात, ते पाहा.

मोडीत भांडे देताना धातूचे पैसे मिळतात, नावाचे मिळत नाहीत. आपले कुटुंब कोणत्या गावाहून इथे आले, याचा लेखी पुरावा काही घरांत फक्त त्या काठावरच असतो. तेव्हा भांडे विकायचेच असेल, तर आधी ते नाव वहीत लिहून ठेवू या.