समान वर्ग, समान पुस्तके

वंश, वर्ण अथवा मूळ राष्ट्र यांवरून विद्यार्थ्यांत भेद करू नये, असा दंडक अमेरिकेतील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने संघ सरकारचे अनुदान घेणाऱ्या शाळांना घालून दिला. पण भेद न करणे म्हणजे नेमके काय? सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हते, आणि ते शिकविण्याची वेगळी सोयही त्यांच्यासाठी नव्हती. वर्ग तेच, पुस्तके तीच, शिक्षक तेच. मग अन्याय कसला? प्रत्येक मूल आपापल्या उणिवा घेऊनच शाळेत येते, असे म्हणून अपील न्यायालयानेही शाळांचीच बाजू उचलून धरली. ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. न कळणाऱ्या भाषेत शिकविणे म्हणजे शिक्षण नाकारणेच होय, असा त्या निकालाचा आशय. उपाय कोणता योजावा, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही. आमच्या मते हा संयम योग्यच होता. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून भाषेचा अडसर दूर करण्याचे कर्तव्य शाळांवर सोपविले. २००१ च्या एका निकालानंतर, भेदभावाचा हेतू सिद्ध केल्यावाचून सहाव्या प्रकरणाखाली पालकांना स्वतः दावा लावता येईनासा झाला. तेव्हापासून या मुलांची मुख्य भिस्त १९७४ च्या कायद्यावरच आहे.